गुंजांच्या कडेची टिपाई

“पोरी, लेकराच्या घरी गुंज नोको नेऊ. लेकरू तोंडात टाकते.”

असं बायनाबाई म्हणाली होती, आणि सत्यशीला हसली होती. मित्रांनो, ते हसणं मी ऐकलं आहे. मी तेव्हा पुरती तयारही झाले नव्हते. अंगणात उलटी पडून होते, पाय आभाळाकडे करून. तो दिवस आठवला की आजही माझ्या सांध्यांत कळ येते.

मी एक जुनी टिपाई आहे. सागवानाची, चार पायांची, मोठ्या माणसाच्या गुडघ्याएवढ्या उंचीची. ऊर्जानगरच्या क्वार्टरांत माझ्यासारखीला टीपॉय म्हणतात. पण ज्यानं मला घडवलं तो सोमाजी सुतार मला टिपाई म्हणायचा, म्हणून मीही स्वतःला टिपाईच म्हणते. माझ्या कडेला सगळीकडून बारीक बारीक खळगे आहेत. घरी येणारे पाहुणे त्यांवरून बोट फिरवतात आणि विचारतात, “वाळवी लागली का हिला?” वाळवी नाही लागली. त्या खळग्यांत गुंजा होत्या. लाल, टपोऱ्या, काळ्या डोळ्याच्या गुंजा. त्या कुठं गेल्या, ते मी तुम्हांला सांगणार आहे. नीट ऐका, कारण शेवटी माझं तुमच्याकडे एक काम आहे.

मी आधी झाड होते. सावली गावाच्या पुढं, वैनगंगेच्या अंगाला, श्रावणजींच्या धानाच्या बांधीच्या धुऱ्यावर, शेताच्या कडेच्या बांधावर मी उभी होते. एका उन्हाळ्यात मोठं वादळ आलं आणि मी मुळासकट आडवी झाले. श्रावणजींनी परवानगी काढली, बैलबंडीत घालून मला आरामशीनवर कापायला नेलं. माझ्या फळ्या झाल्या. पावसाळा मी त्यांच्या गोठ्यात काढला. त्याच पावसाळ्यात त्यांच्या पोरीला, सत्यशीलाला मुलगी झाली. तिचं नाव खेमा ठेवलं. श्रावणजींच्या मनानं घेतलं की नातीच्या घरात आपल्या धुऱ्यावरच्या सागाची एक वस्तू गेलीच पाहिजे.

सोमाजी फळ्या बघायला आला. त्यानं माझ्यावर बोटाच्या पेरानं टकटक केलं, कान लावला, आणि मान हलवली.

“ओली हाय, भाऊ. एक उन्हाळा अजून सावलीत राहू द्या. मंग करू.”

“तवापर्यंत माही नात शाळेत जाईन अन् टिपाईवर बसून अभ्यास करीन!” श्रावणजी म्हणाले. “तिले उभं राहाले आधार पायजे आता. थे काय तुयी वाट पायत बसून राहीन?”

सोमाजी हसला. आजोबाच्या हौसेपुढं कोण काय बोलणार! त्यानं फळ्या उचलल्या.

मित्रांनो, सोमाजीच्या हातात घाई नव्हती. घाई फक्त लाकडात होती. तो सकाळी आपल्या अंगणातल्या मोहाच्या झाडाखाली बसायचा तो ऊन डोक्यावर येईपर्यंत. रंध्यानं त्यानं माझी पाठ अशी साफ केली की मांजर घसरावं. पायाला पटाशीनं खाच पाडायची, आडव्या पट्टीला जीभ काढायची, आणि ती जीभ खाचेत ठोकून बसवायची. बसली की मधून केस जाऊ नये. एखादा शेजारी म्हणायचा, “सोमाजी, दोन खिळे मार ना, सुटला धंदा.” तो चिडायचा. “खिळा मारून मी बकरीचा खुटा करतो. टिपाई नाई करत.” माझ्या अंगात आजही एक खिळा नाही.

माझ्या पाठीवर त्यानं वेल काढली. हळदूचं लाकूड पिवळं असतं, हळद लावल्यासारखं. त्याची पानं कापायची, माझ्या अंगात तेवढीच खोल पानं कोरायची, आणि पानात पान बसवायचं. वरून हात फिरवला तर कुठं हळदू संपलं आणि कुठं साग सुरू झाला ते कळू नये. आणि मग कडेला गुंजा. लाख विकायला बाजारात येणाऱ्या बायांकडून त्यानं त्या आणवल्या होत्या.

इथं एक गोष्ट तुम्ही लक्षात ठेवा. गुंज असते गोल. गोल वस्तू खळग्यात ठरत नाही, डुगडुगते. म्हणून सोमाजी तिची एक बाजू सहाणेवर पाणी टाकून घासायचा. लाल साल निघायची आणि आतला पांढरा गर दिसायचा. मग सपाट बाजू आत, काळा डोळा बाहेर, आणि भोवती वितळलेली लाख. लाख गार झाली की वरून दिसायचा तो फक्त लाल मणी. आतली उघडी बाजू कुणाला दिसायची नाही. ती माझ्या अंगाला लागून असायची. मला तेवढी ठाऊक होती.

सहाण धुतलेलं पाणी तो ओसरीखाली फेकायचा. त्याच्या बायकोच्या, बायनाबाईच्या, कोंबडीची पिलं तिथं चिखल टोचत असायची. मी बघत होते. दुसऱ्या दिवशी दुपारी दोन पिलं पंख पाडून बसली. संध्याकाळपर्यंत आडवी झाली. सोमाजी म्हणाला, “मानमोडी आली कोंबड्याइले.” त्या वर्षी मानमोडी आलीच होती, शेजारच्या कोंबड्याही मेल्या होत्या. बायनाबाईनं पिलं परसात पुरली. पण पिलांनी कुठला चिखल टोचला ते फक्त मी पाहिलं होतं. मित्रांनो, लाकडाला भीती वाटते का, असं तुम्ही विचाराल. मला ती त्या दिवशी पहिल्यांदा वाटली.

आणि मग सत्यशीला आली. माहेरी आली होती ती, खेमाला घेऊन. चांद्याच्या, म्हणजे चंद्रपूरच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकून बी.एस्सी. झालेली पोर. झाडाचं पान हातात घेतलं की त्याचं लांबलचक नाव सांगायची. माझ्या कडेवरच्या गुंजा बघून ती एकदम खाली बसली. लेकरासारखी एकेका गुंजेवर बोट ठेवत गेली. बायनाबाई सुपात धान पाखडत होती. तेव्हाच ती मी सुरुवातीला सांगितलेलं ते वाक्य बोलली.

“बायनाबाई, गुंजेची साल दगडासारखी असते,” सत्यशीला म्हणाली. “लेकरानं गिळली तरी जशीच्या तशी बाहेर पडते. आम्हांला कॉलेजात शिकवलंय.”

“कॉलेजात गुंजा बी शिकवते?”

“सगळं शिकवतात.”

“मंग भात काऊन नाई शिकवला? तुये बाबा म्हणत होते, पोरगी भात करपवते.”

दोघी हसल्या. खेमाही हसली, तिला काय कळलं कोण जाणे.

सत्यशीला खोटं बोलली नव्हती. अख्ख्या गुंजेबद्दल ती बोलली ते बरोबरच होतं. पण सोमाजीनं त्या घासल्या आहेत हे तिला ठाऊक नव्हतं. आणि सोमाजीला ती काय म्हणाली ते ठाऊक नव्हतं, कारण तो घरामागं लाकूड चिकटवायचा सरस शिजवत बसला होता. सरसाचा वास लोकांना सोसत नाही म्हणून तो लांब बसायचा. अर्धी गोष्ट अंगणात राहिली, अर्धी घरामागं. मध्ये मी होते, आणि मला तोंड नव्हतं.

खेमा बसायला लागली त्या हिवाळ्यात एसटीच्या टपावर दोरानं बांधून मला ऊर्जानगरला आणलं. वाटेत मूल गावच्या स्टँडवर एक हमाल मला बघून म्हणाला, “लगनाची नवरी चालली का जी टपावर?” सत्यशीलाचा नवरा हरिदास खिडकीतून ओरडला, “हळू बांध बापू, नवरीले खरचटन!”

ऊर्जानगरची क्वार्टर म्हणजे दोन खोल्या, पुढं व्हरांडा, मागं नळ. हरिदास वीज केंद्रात पाळीवर जायचा. कंपनीची बस आली की सायकली बाजूला व्हायच्या, बस गेली की पुन्हा रस्ता भरायचा. सकाळी पुसलं तरी दुपारी माझ्यावर काळी बारीक धूळ बसायची. सत्यशीला मला दिवसातून दोनदा पुसायची. येणारा प्रत्येक माणूस माझं कौतुक करायचा. फक्त शेजारच्या गिरजाबाईला मी पसंत नव्हते.

“सनमायका मारला असता तं कशी चमकली असती,” ती म्हणायची. “थे गुंजा-बिंजा आजकाल कोण लावते?”

“आमच्या धुऱ्यावरचा साग आहे बाई हा.”

“धुऱ्यावर होता तवा ठीक होता.”

सत्यशीला फार भीत असे, मित्रांनो. आई झाली तेव्हापासून तिला सगळ्या वस्तूंना दात फुटलेले दिसत. पाणी उकळून गाळायची, पुन्हा उकळायची. कुलरच्या वायरीला चिंध्या गुंडाळायची. माझ्या चारही कोपऱ्यांना तिनं जुन्या लुगड्याच्या घड्या बांधल्या, खेमाचं डोकं आपटू नये म्हणून. चहाचा कप माझ्या अगदी मधोमध ठेवायची. हरिदासच्या हातून नाणं खाली पडलं तर ती अंगावर धावून जायची. “पोरीले कापसात गुंडाळून फळीवर ठेव,” गिरजाबाई म्हणायची. ज्या ज्या गोष्टीची भीती घ्यायची ती सगळी तिनं घेतली होती. एका गोष्टीची घेतली नव्हती, कारण ती तिनं पुस्तकात वाचली होती.

मग चंद्रपूरचा उन्हाळा आला. तुम्ही तिकडचे असाल तर मी काय सांगू! भिंतीला पाठ टेकवली तर चटका बसायचा. माझ्या अंगात वादळाच्या आधीचं पाणी अजून होतं, ते आता सुटायला लागलं. मी आकसायला लागले. दुपारी घर शांत असताना माझ्यातून कट्ट असा आवाज यायचा आणि सत्यशीला दचकून बघायची. सोमाजीच्या खाचा मजबूत होत्या, पाय हलले नाहीत. पण लाकूड आकसतं तशी लाख आकसत नाही. कडेवरच्या गुंजांची पकड सुटायला लागली. मला ते जाणवायचं. दात हलायला लागला की तुम्हांला जाणवतं ना, तसं.

आणि नेमकं तेव्हाच खेमा मला धरून उभी राहायला लागली.

ती दोन्ही हातांनी माझी कड धरायची, पाय ताणायची, आणि उभी राहिली की स्वतःवरच खूश होऊन ओरडायची. तिचे दात येत होते. ती माझ्या कडेला हिरड्या घासायची. तिच्या तोंडाची ओल माझ्या लाकडात मुरायची. सत्यशीला कौतुकानं म्हणायची, “बघा हो, आजोबांचं शेत खाते आहे!” आणि मी भीतीनं गार व्हायचे. हात असते तर मी तिला ढकललं असतं. पाय होते, चार होते, पण एकही उचलता येत नव्हता.

बुद्धजयंती होऊन गेली होती. त्या दिवशी माझ्यावर पांढरं कापड अंथरून मेणबत्त्या लावल्या होत्या, खिरीची वाटी ठेवली होती. ते कापड पुढं धुवायला काढलं, आणि माझी कड पुन्हा उघडी पडली. हरिदास पहिल्या पाळीला गेला होता. सत्यशीला स्वयंपाकघरात वरणाला फोडणी देत होती. खेमा मला धरून उभी राहिली. तिनं एका गुंजेला नख लावलं. गुंज हलली. तिला मजा वाटली. तिनं पुन्हा लावलं, आणि ती गुंज टप्पकन तिच्या मुठीत आली. तिच्या शेजारचीही सुटली आणि माझ्या पायाखाली घरंगळली.

मुठीतली तिनं तोंडात टाकली.

मी ऐकलं, मित्रांनो. तिच्या नव्या दातांखाली ती कुटकन फुटली. खेमानं तोंड वाकडं केलं. मला वाटलं थुंकेल, थुंकेल. तिनं गिळली. आणि मग मला धरून पुन्हा नाचायला लागली.

सत्यशीला पदराला हात पुसत बाहेर आली. तिनं खळगा बघितला. खेमाच्या ओठावर लाखेचा बारीक कण बघितला. क्षणभर थबकली. मग स्वतःशीच म्हणाली, “काही नाही. बाहेर पडेल उद्या.” खेमाचं तोंड उघडून बोट फिरवलं. काही नव्हतं. ती उठणार होती. खरंच उठून पुन्हा फोडणीकडे जाणार होती. तेवढ्यात तिला माझ्या पायाजवळची दुसरी गुंज दिसली.

तिनं ती उचलली आणि उलटी केली.

लाल साल नव्हती. सपाट, पांढरी, घासलेली बाजू होती. उघडी.

मी सत्यशीलाचा चेहरा तेव्हा बघितला, तसा पुन्हा कुणाचा न दिसो. तिला कॉलेजातलं पुढचं वाक्य आठवलं असणार. साल फुटलेली नसेल तर. फुटलेली नसेल तर.

तिनं शेगडीबिगडी काही बघितली नाही. खेमाला उचललं, ती गुंज रुमालात बांधली आणि दारात जाऊन हाक मारली, “गिरजाबाई! गिरजाबाई!”

गिरजाबाई आली, तिचा नवराही आला. गिरजाबाईनं खेमाकडं बघितलं. खेमानं तिची बांगडी धरून ओढली आणि खळखळून हसली.

“काऊन ओरडून राह्यली वं? हसून राह्यली ना पोरगी!”

“गुंज चावून गिळली तिनं. घासलेली गुंज.”

“एवढीशी गुंज! केळं चार तिले, उतरून जाईन. उगाच दवाखान्यात नेशीन तं सुया टोचतीन थे. रात्रभर पाह्य, काई झालं तं सकाळी ने.”

“सकाळी नेऊन उपयोग नाही, बाई. हे विष लगेच दिसत नाही. आत्ता हसते आहे, म्हणूनच आत्ता नेते.”

“तू पण ना! पोरगी शिंकली तं तुले निमोनिया दिसते.”

सत्यशीला रडायला लागली, पण तिथंच उभी राहिली नाही. रडत रडतच गिरजाबाईच्या नवऱ्याला म्हणाली, “भाऊजी, स्कूटर काढा. तुमच्या पाया पडते. तिला काही झालं नाही तर मला जन्मभर हसा.” त्यानं बायकोकडं बघितलं, मग स्कूटर काढली. सत्यशीला पायात चपला न घालता मागं बसली. खेमा तिच्या खांद्यावरून माझ्याकडं बघत होती. स्कूटरचा आवाज वळणावर गेला आणि संपला.

घरात मी आणि गिरजाबाई उरलो. वरण करपल्याचा वास आला तेव्हा तिनं जाऊन शेगडी बंद केली. मग ती माझ्यासमोर बसली. “काई नाई होत,” ती म्हणाली. थोड्या वेळानं पुन्हा म्हणाली. तिसऱ्यांदा म्हणाली तेव्हा तिनं लुगड्याचा पदर माझ्या कडेपासून लांब घेतला होता.

हरिदास पाळी संपवून आला. “कुठी गेल्या मायलेकी?” त्यानं हसत विचारलं. गिरजाबाईनं सांगितलं. त्यानं हातातला डबा माझ्यावर ठेवला आणि तो तसाच वळला. तो डबा माझ्यावर तसाच राहिला.

मित्रांनो, आता जे सांगते ते ऐकायला सोपं आहे, सोसायला सोपं नव्हतं. मला काहीच कळत नव्हतं. माणसाला वाट बघणं असह्य झालं तर तो उठतो, येरझाऱ्या घालतो, कुणाला विचारतो. मी जिथं ठेवली होती तिथंच होते. दार लागलेलं, खिडकीतून येणारी काळी धूळ माझ्यावर, वेलीवर, डब्यावर. माझ्या डोळ्यांसमोर ती पिलं येत होती. पंख पाडून बसलेली.

दुसऱ्या दिवशी हरिदास कपडे न्यायला आला. गिरजाबाई मागोमाग आत आली. तो म्हणाला, “पहाटेपासून उलट्या. मंग संडासातून रक्त. सलाइन लावून ठेवली हाय. हात एवढासा, त्यात सुई कुठी टोचावी हे नर्सले समजत नाई.”

“डॉक्टर काय म्हणते?”

“म्हणते, तिनं उलटी होण्याच्या आधी आणली, म्हणून पोट धुता आलं. सत्यशीलानं गुंज दाखवली तवा त्याइले पटलं. नाई तं पोरगी तिथी बी हसूनच राह्यली होती.” मग तो खाली बसला. “पण वाचन का, थे सांगत नाई.”

गिरजाबाईनं भिंतीकडं तोंड केलं. ती पुढं कधी “काई नाई होत” म्हणाल्याचं मी ऐकलं नाही.

तो गेला, पुन्हा कुलूप लागलं. किती दिवस गेले ते मला सांगता येत नाही. धूळ इतकी बसली की हळदूची वेल दिसेनाशी झाली. पायऱ्यांवर पाऊल वाजलं की मी ऐकायचे. लेकराचा आवाज आहे का त्यात? नसायचा. मोलकरणीचा, दूधवाल्याचा, मीटर बघणाऱ्याचा.

आणि एका सकाळी कुलूप उघडलं. सत्यशीलाच्या खांद्यावर खेमा होती. डोळे मोठे झालेले, मान एवढीशी. ती हसत नव्हती. पण तिनं माझ्याकडं हात केला. मित्रांनो, ती जगली होती. त्या क्षणाला मला झाड असताना पडलेल्या पहिल्या पावसापेक्षाही बरं वाटलं.

“हे लाकूड मी आजच फोडतो,” हरिदास म्हणाला. तो कुऱ्हाड मागायला निघालाही होता.

“लाकडाचं काय चुकलं?” सत्यशीला म्हणाली. “आधी बाबांना निरोप पाठवा. सोमाजीभाऊंना बोलवा.”

तोपर्यंत तिनं मला व्हरांड्यात नेलं, हाताला फडकं गुंडाळलं आणि जाडी सुई घेऊन एक एक गुंज उकरून काढली. सुटलेलीही, घट्ट बसलेलीही. प्रत्येक गुंजेला मला दुखलं. तरी मी मनात म्हणत होते, काढ बाई, सगळ्या काढ. खळग्यांत तिनं मेण भरलं. सगळ्या गुंजा डब्यात घालून हरिदासनं लांब नेऊन खोल पुरल्या.

सोमाजी आणि बायनाबाई पहिल्या एसटीनं आले. सोमाजी खुर्चीवर बसला नाही. उंबऱ्याजवळ जमिनीवर बसला, माझ्याकडं बघत. बायनाबाईनं खेमाला मांडीवर घेतलं आणि तिच्या हातावरचे सुयांचे डाग बघून “माय वं, माय वं” करत राहिली.

“म्याच घासल्या, पोरी,” सोमाजी म्हणाला. “घासल्याबिगर बसतच नाई गुंज. माह्या बापानं बी घासल्या, म्या बी घासल्या.”

“मी बायनाबाईंना म्हटलं होतं, अख्खी गुंज काही करत नाही. तुम्ही घासता हे मला कुठं माहीत होतं, भाऊ?”

“अन् तू काय म्हनली थे मले कुठी मालूम!”

बायनाबाई खेमाचे केस सारखे करत होती. तिचा हात एकदम थांबला.

“अवं, थे पिलं,” ती म्हणाली. “मानमोडी नोती थे.” आणि मग तिचा आवाज फुटला. “अहो! पाळणा!”

सोमाजीनं तिच्याकडं बघितलं आणि त्याचं तोंड राखेसारखं झालं.

मला पाठवल्यावर त्याच्याकडं गुंजा उरल्या होत्या. त्यानं शिवणीच्या लाकडाचा एक पाळणा केला होता. हलका, देखणा. त्याच्या कठड्याला, बाळाचं डोकं येतं त्या बाजूला, त्यानं तशीच गुंजांची कड बसवली होती. तशीच घासून. मूलच्या बाजारात एक नवराबायको आले. पोरगी बाळंतपणाला येणार आहे म्हणाले, आणि पाळणा घेऊन गेले. गडचिरोलीच्या पलीकडचे, एवढंच बोलण्यातून कळलं. नाव त्यानं विचारलं नव्हतं. बाजारात कोण कोणाचं नाव विचारतं?

“लाकूड कसं होतं?” सत्यशीलानं विचारलं. तिचा आवाज अगदी बारीक झाला होता. “वाळलेलं होतं ना?”

सोमाजीनं मान खाली घातली. ते उत्तर मला, लाकडाला, सगळ्यांच्या आधी कळलं.

त्यानंतर त्यांनी काय केलं नाही! हरिदास प्रत्येक सुट्टीला मूलच्या बाजारात जाऊन उभा राहायचा. सोमाजी काम टाकून गडचिरोलीच्या स्टँडवर बसायचा, गुंज हातात घेऊन लोकांना दाखवायचा. लोकांना वाटायचं मंत्रतंत्रवाला आहे. सत्यशीला विहारात बोलली, दवाखान्यातल्या नर्सला बोलली, एसटीत शेजारी बसलेल्या प्रत्येक बाईला बोलली. एकदा माग लागला. धानोऱ्याकडच्या एका बाईनं सांगितलं, हो, लाल मण्यांचा पाळणा मी बघितला आहे, माझ्या भाचीच्या लेकराच्या बारशाला आणला होता. सत्यशीला खेमाला घेऊन तिथं गेली. भाचीचं बाळ गुटगुटीत होतं, अंगणात रांगत होतं. पण पाळणा तिथं नव्हता. तिच्या नणंदेला दिवस गेले होते, म्हणून तो तिकडं गेला होता. नणंदेच्या गावी गेले तर तिथून तिच्या जावेच्या माहेरी. पुढचं गाव कुणाला सांगता आलं नाही.

आपल्याकडं पाळणा कोणी माळ्यावर टाकून ठेवत नाही ना. एकाचं लेकरू मोठं झालं की तो दुसऱ्याच्या घरी जातो. ही किती चांगली रीत आहे! आणि मला तिचीच भीती वाटते. माझ्या गुंजा एका घरात होत्या. त्या पाळण्याच्या गुंजा दर वर्षी नव्या बाळाच्या डोक्याशी जातात, आणि दर उन्हाळ्यात त्यांची लाख थोडी थोडी सुटते.

आज खेमा शाळेत जाते. माझ्यावर पाटी ठेवून ती अ आ ई काढते आणि मेण भरलेल्या खळग्यांतून पेन्सिल फिरवते. सत्यशीला तिला रागावत नाही. पण उन्हाळा सुरू झाला, दुपारी माझ्यातून कट्ट आवाज आला, की ती हातातलं काम सोडून माझ्याजवळ येते. माझ्याकडं बघत नाही. खिडकीतून गडचिरोलीच्या रस्त्याकडं बघते. काय बघते ते मला ठाऊक आहे.

म्हणून मित्रांनो, माझ्यासारख्या वस्तूंना पुसा, जपा, उन्हात टाकू नका, हे सगळं मी तुम्हांला सांगितलं असतं. पण आज ते सांगायला मला वेळ नाही. तुमच्या घरी, तुमच्या मावशीच्या, आत्याच्या, वाडीतल्या कुणाच्याही घरी बाळ असेल, तर आज शाळा सुटल्यावर तिथं जा. पाळण्याचा कठडा बघा, बाळाच्या डोक्याच्या बाजूचा. लाल मणी, काळा डोळा दिसला, तर तो सुंदर आहे म्हणून बघत उभे राहू नका आणि आईला हाक मारत बसू नका. पाळण्याला हात नंतर लावा. आधी बाळाला उचला.